अर्थिंगचा खड्डा आणि लाल दिवा

कोल्हापुरात कुणाच्या मिक्सरला झटका बसू दे, नाहीतर फ्रिजचा पत्रा हाताला चुणचुणू दे, घरातल्या कर्त्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अर्थिंगला पाणी घाला." मग कुणीतरी बादली घेऊन परसात जातं, मीटरखालच्या खड्ड्यात ओततं, आणि काम झालं म्हणून हात झटकत परत येतं. झटका राहतो तर राहतो. हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सून म्हणते, आई, एवढ्याशा गोष्टीवर काय चिडता? तिला काय सांगू? सांगितलं तर अख्खं सांगावं लागेल, म्हणून आजवर सांगितलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही शाहूपुरीत पिठाच्या गिरणीला लागून दोन खोल्यांत राहायचो. माझे यजमान तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, मी प्राथमिक शाळेत होते. त्यांचा धाकटा भाऊ, माझा दीर, आमच्याजवळच असायचा. कोडोलीहून शिकायला म्हणून आणला होता, पण दहावीला दोनदा आपटला आणि उद्यमनगरात एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागला. पोरगा अंगानं दणकट, तोंडानं फटकळ आणि मनानं नुसतं लोणी. मला 'वैनी, वैनी' करून भंडावून सोडायचा.

प्रेस म्हणजे काय, ते मी कारखान्यात डबा द्यायला गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खाली साचा, वर लोखंडाचा भला मोठा घण. साच्यावर पत्रा ठेवायचा, पायानं पॅडल दाबायचं, घण धाडकन खाली. पत्र्याचा वॉशर होतो. तो हातानं काढायचा, पुढचा पत्रा सरकवायचा, की पुन्हा पाय. दिवसभर तेच. पगार नगावर, म्हणजे जेवढे नग तेवढे पैसे, त्यामुळे हात आणि पाय दोन्ही पळतच असायचे. तिथल्या जुन्या माणसांनी मला 'नमस्कार बाई' म्हणून हात जोडले, तर त्यांची बोटं एकमेकांना जुळेनात. कुणाचं हे नाही, कुणाचं ते नाही. आणि ती माणसं त्यावर हसत होती हो! मला तर तिथंच रडू फुटायचं बाकी होतं.

एके दिवशी दीर हाताला फडकं गुंडाळून घरी आला. करंगळीचं टोक गेलं होतं.

"कायबी न्हाय वैनी, शेंडाच गेलाय," म्हणाला. "जेवाय वाढा की."

तो जेवला. हे जेवले नाहीत. ताटावर बसून राहिले आणि मग उठले ते थेट टेबलापाशी गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय. ह्याचा हात वाचला पाहिजे. नोकरी सोड म्हणून सांगून झालं होतं. तो म्हणायचा, "दादा, सोडून करू काय? तुझ्यागत खडू घेऊन उभा ऱ्हाऊ?" गावाकडं शेत जेमतेम, शिक्षण नाही. मग यांनी ठरवलं, माणूस हलत नाही तर मशीनच हलवायचं.

यांची कल्पना साधी होती. साच्याच्या एका बाजूला उजेड सोडणारा डोळा, दुसऱ्या बाजूला तो उजेड बघणारा डोळा. मध्ये हात आला की उजेड तुटतो. तुटला, की लाल दिवा लागायचा आणि घण वरच्या वर अडकायचा, पाय कितीही दाबा. हा सगळा हिशोब करायला यांनी मुंबईहून एक मायक्रोकंट्रोलर आणला. आमच्याकडं ती चीज तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. झुरळाएवढी काळी चिप, दोन्ही बाजूंनी पाय. हे तिला रुमालात गुंडाळून कपाटात, माझ्या मंगळसूत्राच्या डबीशेजारी ठेवायचे. मी म्हटलं, "अहो, तिला हळदीकुंकू लावायचं का?" हसले. तेव्हा हसायचे.

त्या चिपसाठी बोर्ड घरीच तयार झाला. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच ठेवली, खाली बल्ब पेटवला, वर पारदर्शक कागद आणि त्यावर काळ्या चिकटपट्टीच्या बारीक रेघा. एका पायातून दुसऱ्या पायाकडं जाणारी प्रत्येक तार म्हणजे एक रेघ. शाळेतून आले की मीही बसायचे रेघा चिकटवायला. सगळ्या रेघा बसल्यावर जी एक उरायची, तिला हे ग्राउंड म्हणायचे. म्हणजे सगळी वीज परत जायची वाट. "ती शेवटी, उरेल त्या जागेतून वळवून न्यायची," असं यांचं म्हणणं. मग ती बिचारी बोर्डाच्या कडेकडेनं, चारी कोपरे फिरून, लांबच लांब जायची. पुढं फोटो स्टुडिओत जाऊन ते चित्र छोटं करून आणायचं, तांब्याचा पातळ पत्रा लावलेल्या बोर्डावर उतरवायचं आणि तांबं खाणाऱ्या तपकिरी औषधात तो बोर्ड बुडवायचा. कुठं? माझ्या मोरीत. ते डाग घर सोडेपर्यंत निघाले नाहीत. घरमालकीण बाई त्यावरून किती बोलली, काही विचारू नका.

बोर्ड तयार झाला. घरात टेबलावर लावून बघितला. दिरानं उजेडात हात घातला की लाल दिवा. काढला की बंद. शंभरदा केलं असेल त्यानं, लहान पोरागत. "आयला दादा, भारीच की!" म्हणून यांच्या पाठीत असा रट्टा घातला की यांचा चष्माच उडाला. आमच्या घरातला शेवटचा आनंदाचा दिवस कुठला म्हणून विचाराल, तर तो.

कारखान्याचा मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. "या पावणं, बसा की," म्हणून यांना खुर्ची दिली, चहा पाजला. स्वतः एकेकाळी प्रेसवर काम केलेला, त्याचंही एक बोट आखूड. "लावा की सर," म्हणाला. "पोरांचं हात वाचलं तर मला काय नको हाय व्हय? फक्त काम थांबाय नको."

आणि काम थांबायला लागलं.

घरात गुणी बाळासारखा वागणारा तो खोका कारखान्यात गेला की पिसाळायचा. साच्यात हात नाही, बोट नाही, माशीसुद्धा नाही, आणि लाल दिवा लागायचा. घण वर अडकून बसायचा. मग रीसेटचं बटण दाबायचं, थांबायचं, पुन्हा सुरू. शेजारच्या मशीनची मोटर कुणी बंद केली, की हा हमखास लागायचा. चिपला मधेच भोवळ यायची आणि ती पहिल्यापासून मोजायला लागायची, असं हे सांगायचे. दिराचे नग घटले. बाजूची माणसं चेष्टा करायला लागली. "काय रं, तुझ्या दादाचा दिवा नवरात्राचा हाय का? अखंड जळतोय!"

मग बसली पंचायत. मालक, वायरमन, शेजारच्या कारखान्याचा फोरमन, चहा घेऊन आलेला माणूस. सगळ्यांचं निदान एकच. "अर्थिंग कच्चं हाय."

आणि माझा शिकलेला नवरा, पोरांना वर्गात वीज शिकवणारा, त्यानंही मान डोलावली! कारण हेही त्याच मातीतले. यांचे वडील कोडोलीत विहिरीवरच्या मोटारी बसवायचे. मोटार रुसली की अर्थिंग बघायचं, हे यांच्या रक्तातच होतं. कारखान्याच्या मागच्या अंगणात खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी, वर कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मालकानं नारळ फोडला. खड्ड्यापासून बोर्डापर्यंत जाड हिरवी वायर ओढली. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी त्यात पाणी घालायचं काम दिराकडं.

लाल दिवा लागायचा थांबला नाही.

"खड्डा उथळ हाय," वायरमन म्हणाला. झालं! मागं कंपाउंडच्या टोकाला, नळाच्या गळतीनं जिथं कायम ओल असायची, तिथं दुसरा खड्डा खणला. कमरेएवढा. वायर आणखी लांब झाली. अख्ख्या शेडच्या कडेनं, मोटारींच्या केबलींच्या बरोबरीनं, एकत्र गुंडाळून, नीटनेटकी नेली. वायरमनला त्या बांधणीचा भारी अभिमान होता. आणि दिवा? आधी तासाला एखाददुसऱ्या वेळी लागायचा, तो आता सारखाच लागायला लागला. एवढं सगळं करून जास्तच! कुणाला काही कळेना. मग काय, आणखी पाणी. मी एकदा डबा द्यायला गेले तर दीर बादल्यांवर बादल्या ओततोय. मी म्हटलं, "अरे, तुळशीला कुणी घालत नाही एवढं पाणी!"

"वैनी, आता तुळशीलाच सांगून बघतो," म्हणाला, "दादाची वायर तरी ऐकंना झालीय."

पण त्याच्या बोलण्यातला चेष्टेचा सूर आता बदलला होता. नग बुडत होते. बरोबरची माणसं चिडत होती, कारण याच्यामुळं पुढचं काम अडायचं. शेवटी मालकानं यांना बोलावून घेतलं. "सर, राग मानू नका. तुमचं खोकं राहू द्या. पण एक काळं बटण बसवा. दिवा खोटाच लागला तर पोरानं बटण दाबायचं, घण खाली यील. माझी पण गिऱ्हाईकं हायत की."

हे नको म्हणाले. भांडले. यांना भांडता येत नाही, आवाज चिरकतो. शेवटी बटण बसलं. लाल लागला, काळं दाबा. दिराचा हात त्या बटणावर असा बसला की बघायची गरजच उरली नाही. लाल दिसला की उजवा तळवा बटणावर, फट्. बोलता बोलता, विडी ओढता ओढता. यांनी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन तसेच झोपले. मी संतापले होते. कुणावर, ते मला माहीत नव्हतं. मिठावर, कोळशावर, त्या गुळगुळीत हिरव्या वायरीवर. माझी शाळा, स्वयंपाक, सगळं सांभाळून मी त्या रेघा चिकटवल्या होत्या, त्या कशासाठी?

उलगडा झाला तो एका रविवारी सकाळी, आमच्याच घरात. मी भाजी निवडत होते, शेजारी ठेवलेल्या ट्रान्झिस्टरवर गाणी चालली होती. गिरणीवाल्यानं मोटर बंद केली तसा रेडिओ करकरला. रोजच करकरायचा. मी सवयीनं म्हटलं, "मेली गिरणी! एक गाणं धड ऐकू देत नाही."

हे वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली ठेवलं. माझ्याकडं असे बघत राहिले की मला वाटलं, आता काय झालं? रेडिओ उचलला आणि चपला न घालताच निघाले.

कारखाना रविवारी बंद, पण मालक मागंच राहायचा. यांनी त्याला एकेक मोटर चालू-बंद करायला लावली आणि रेडिओ हातात धरून शेडभर हिंडले. मला नंतर सांगितलं. मोटर बंद होताना तिच्या स्विचमध्ये ठिणगी पडते. ती दिसते चिमूटभर, पण ती हवेत ओरडते, तेच रेडिओ ऐकतो. आणि सगळ्यात मोठा करकराट कुठं, तर त्या हिरव्या वायरीच्या अंगाअंगानं, पार खड्ड्यापर्यंत. वायर आवाज जमिनीत सोडत नव्हती. ती शेडभरचा आवाज गोळा करून आणून चिपच्या कानात ओतत होती. जेवढी लांब, तेवढा जास्त आवाज. म्हणजे आम्ही जेवढा उपाय करत होतो, तेवढा रोग वाढत होता. आणि बोर्डावरची ती उरल्यासुरल्या जागेतून कडेकडेनं फिरवलेली रेघ, तीही तेच करत होती.

"अगं, चूक मातीत नव्हतीच," हे म्हणाले. "बोर्डात होती. माझ्या बोर्डात."

नवा बोर्ड केला. या वेळी ग्राउंड सगळ्यात आधी. रेघ नाहीच, मोकळी राहील तेवढी सगळी जागा तांब्यानं भरलेली, शेणानं सारवलेल्या अंगणासारखी, म्हणजे विजेला परत जायला लांबचा वळसा पडायला नको. चिपच्या अगदी पायाशी, विजेचे हिसके झेलणारा एक बारका कपॅसिटर. डोळ्यांच्या वायरी मोटारीच्या केबलींपासून लांब, एकमेकींना पीळ घालून. मोटारींच्या स्विचवर ठिणगी गिळणारी छोटी जोडणी. हिरवी वायर कापली आणि खोक्याला प्रेसच्याच लोखंडाला, वीतभर पट्टीनं बांधलं. वायरमनला ते बघवेना. "सर, खड्डा सोडून दिलासा? मग वीज जायाची कुठं?"

खोटा लाल दिवा बंद झाला. बंद म्हणजे बंद. शेजारच्या मोटारी चालू होवोत, बंद होवोत, चिपला भोवळ नाही. यांनी पाच-सहा दिवस कॉलेज सुटल्यावर तिथंच जाऊन बसावं आणि बघत राहावं. मग मालकाला म्हणाले, "आता ते काळं बटण काढू या."

"असू द्या की सर," मालक म्हणाला. "चाललंय तवर चाललंय. परत बिघडलं तर? अडीनडीला असावं." आणि माणूस खोटं बोलत नव्हता. त्यानं त्या खोक्याचे किती महिने सोसले होते! यांनी रोज विचारायचं, त्यानं रोज 'बघू की' म्हणायचं.

यांनी दिराला रात्री जेवताना बजावलं. "हे बघ, आता दिवा लागला तर खराच. आता तो खोटा लागणार नाही. बटणाला हात लावायचा नाही."

"व्हय व्हय," दीर म्हणाला आणि माझ्याकडं बघून, "वैनी, पिठलं झकास झालंय."

मी तेव्हा हसले. माझाही विश्वास बसला नव्हता. त्या दिव्यानं आम्हाला इतक्या वेळा फसवलं होतं, की तो खरा झालाय हे मेंदूला कळलं तरी अंगाला कळत नव्हतं.

मग शाळेत निरोप आला. मी शिपायाच्या सायकलवर मागं बसून दवाखान्यात गेले. हे आधीच पोचले होते, भिंतीला टेकून उभे. दिराचा डावा हात मनगटापर्यंत बांधलेला. आत काय उरलंय ते डॉक्टरांनी यांना सांगितलं होतं. बोट एकही उरलं नव्हतं. फक्त अंगठा, तोही राहील की नाही ठाऊक नव्हतं.

वॉशर साच्यात अडकला होता. तो काढायला दिरानं डावा हात आत घातला. पाय आपल्या सवयीनं पॅडलवर गेला. घण वरच अडकला. मग उजवा तळवा बटणावर पडला. एवढंच.

यांना ते कुणी तरी सांगितलं होतं, पण यांचा विश्वास बसत नव्हता. नाही, बसवून घ्यायचा नव्हता. मी यांना ओळखते. यांना मनातून वाटत होतं की बोर्डच चुकला असावा. चिपला पुन्हा भोवळ आली असावी, कुठं तरी सांधा उखडला असावा. बोर्ड चुकला असता तर तो सुधारता आला असता. पुन्हा काच मांडता आली असती, पुन्हा रेघा, पुन्हा माझी मोरी घाण. दिराला शुद्ध आली तसे हे त्याच्या तोंडाशी वाकले. कसा आहेस, दुखतंय का, पाणी हवंय का, काही नाही. मला तर तेव्हा यांची चीडच आली.

"अरे, लाल दिवा लागला नव्हता ना?" यांनी विचारलं. "सांग मला. लागला नव्हता ना?"

दिराची जीभ जड झाली होती. त्यानं ओठ ओले केले आणि लहान पोराची समजूत काढावी तसं, सावकाश सांगितलं:

"लागलाता की दादा. पर त्यो लागतोयच की."